नाण्याएवढे कासव, तीस वर्षांची जबाबदारी

मुलांची वार्षिक परीक्षा संपली, की अनेक घरांत पाळीव प्राण्याचा विषय निघतो. कुत्र्याला रोज फिरवून आणावे लागते, मांजर सोफा ओरबाडते, पक्ष्याला पिंजऱ्यात कोंडणे मनाला पटत नाही. मग मत्स्यालयाच्या दुकानात काचेच्या पेटीत पोहणारी कासवाची हिरवी पिल्ले दृष्टीस पडतात. पाठ जेमतेम दहा रुपयांच्या नाण्याएवढी आणि डोळ्यांमागे लाल पट्टा. ती भुंकत नाहीत, केस गाळत नाहीत, त्यांच्यामुळे शेजाऱ्यांची तक्रार येत नाही. दुकानदार सोबत प्लॅस्टिकचे एक पसरट भांडे आणि वाळलेल्या कोळंबीची डबी देतो आणि ‘याला विशेष काही करावे लागत नाही’ असे सांगून निश्चिंत करतो. घरात कासव असले की भरभराट होते, असे कुणीतरी सांगितलेले असतेच.

दुकानदाराचे ते वाक्य खरे नाही. ते खरे वाटते, एवढेच. कासव हा अतिशय सोशिक प्राणी आहे. उपाशी कुत्रा केकाटतो, आजारी मांजर कोपऱ्यात जाऊन बसते. कासव मात्र अपुऱ्या प्रकाशात, गार पाण्यात, निकृष्ट अन्नावर महिनोन्‌महिने तग धरते आणि त्याची प्रकृती ढासळल्याचे आपल्या लक्षात येते, तेव्हा बहुधा फार उशीर झालेला असतो. दुसरीकडे, पूर्ण निरोगी दिसणारे कासवही घरातील तान्ह्या बाळाला गंभीर आजार देऊ शकते. म्हणून हा प्राणी घरी आणण्यापूर्वी, किंवा आधीच आणला असल्यास आज, त्याच्या आणि आपल्या आरोग्याविषयी काही गोष्टी जाणून घेणे आवश्यक आहे.

हे कासव नेमके कोणते?

दुकानात सर्रास विकले जाणारे हे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. त्याचे मूळ घर अमेरिकेतील मिसिसिपी नदीचे खोरे आणि त्यालगतचा मेक्सिकोचा ईशान्य भाग. ओंडक्यावर ऊन खात बसायचे आणि चाहूल लागताच घसरून पाण्यात शिरायचे, या सवयीवरून त्याला ‘स्लायडर’ हे नाव पडले. विकत घेताना तीन सेंटीमीटरचे असलेले पिल्लू काही वर्षांत ताटलीएवढे होते. पूर्ण वाढलेल्या मादीची पाठ पंचवीस ते तीस सेंटीमीटर भरू शकते. नर त्याहून लहान असतो आणि पुढच्या पायांच्या लांब नखांवरून ओळखू येतो. चांगली निगा राखल्यास हे कासव वीस ते तीस वर्षे, क्वचित त्याहूनही अधिक जगते. आज तिसरीत असलेल्या मुलीसाठी आणलेले कासव ती नोकरीला लागेल, तिचे लग्न होईल, तेव्हाही घरातच असेल. ती शिक्षणासाठी परगावी गेल्यावर त्याचे पाणी कोण बदलणार, हा प्रश्न खरेदीच्या दिवशीच विचारायला हवा.

येथे कायद्याचीही नीट माहिती असावी. स्लायडर परदेशी असल्याने दुकानात उघडपणे मिळतो. आपली देशी कासवे मात्र विकता, विकत घेता किंवा पाळता येत नाहीत. पाठीवर पिवळ्या चांदण्यांची नक्षी असलेले, ‘स्टार कासव’ म्हणून चोरून विकले जाणारे जमिनीवरचे कासव, तसेच आपल्या विहिरी-तळ्यांत आढळणारे, मागचे पाय आत घेतल्यावर झडपा मिटून घेणारे फ्लॅपशेल कासव, ही दोन्ही १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. या अनुसूचीतील प्राण्यांबाबतच्या गुन्ह्याला तीन ते सात वर्षांच्या कारावासाची तरतूद आहे. स्टार कासवाचा आंतरराष्ट्रीय व्यापारही २०१९ पासून सर्वांत कडक निर्बंधांखाली आहे. ‘घरच्या घरी पैदास केलेले आहे’ किंवा ‘वास्तूसाठी चालते’ या सबबी कायद्यापुढे टिकत नाहीत. हिरवा इग्वाना, बॉल पायथन यांसारखे परदेशी सरपटणारे प्राणी पाळणाऱ्यांनाही आता केंद्र शासनाच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. पावती आणि नोंदणीविषयी न बोलणाऱ्या विक्रेत्याकडून असा प्राणी घेऊच नये.

ऊन हेच त्याचे औषध

सरपटणाऱ्या प्राण्यांना आपण थंड रक्ताचे म्हणतो. त्यांचे रक्त मुळातच थंड असते, असा याचा अर्थ नाही. आपले शरीर स्वतःची ऊब स्वतः निर्माण करते. कासव ती बाहेरून घेते. उन्हात बसून ते अंग तापवते आणि फार तापले की पाण्यात उतरते. अन्नाचे पचन, वाढ, रोगप्रतिकार हे सारे या उबेवर अवलंबून असते. गार पाण्यातील कासव खाल्लेले अन्न पचवू शकत नाही आणि त्याला श्वसनाचे विकार लवकर जडतात. म्हणून स्लायडरच्या टाकीतील पाणी साधारण २४ ते २८ अंश सेल्सिअस आणि ऊन खाण्याची जागा ३० ते ३२ अंश असावी. पिल्लांसाठी पाणी उबदारच असू द्यावे. कोकणात ही काळजी फारशी करावी लागत नाही. नाशिक, पुणे, महाबळेश्वरच्या बाजूला हिवाळ्यातील रात्री पाणी तापवणारा हीटर आणि तापमापक लागतो. विदर्भात प्रश्न उलटा असतो. पंचेचाळीस अंशांच्या उन्हाळ्यात गच्चीवर किंवा पत्र्याच्या शेडखाली ठेवलेली टाकी कासवाला अक्षरशः शिजवू शकते.

तापमानाइतकाच महत्त्वाचा आहे प्रकाश. सूर्यप्रकाशातील अतिनील ‘ब’ किरण त्वचेवर पडले, की कासवाच्या शरीरात ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते आणि त्या जीवनसत्त्वाच्या साहाय्याने अन्नातील कॅल्शियम हाडांपर्यंत पोहोचते. आपल्या मुलांच्या बाबतीतही हेच घडते. लहान मुलांमधील मुडदूस आपल्याला परिचित आहे. कासवालाही त्याच जातीचा आजार होतो. त्याचे कवच म्हणजे वर चढवलेले आवरण नव्हे. पाठीचा कणा आणि बरगड्या एकजीव होऊन ते बनलेले असते, त्यात रक्तवाहिन्या आणि संवेदना असतात. कॅल्शियम कमी पडले की हे कवच बोटाने दाबले जाण्याइतके मऊ होते, वेडेवाकडे वाढते, पाय वाकतात आणि जबडा लवचीक होऊन खाणे अवघड होते. वेळेवर उपचार झाले तर पुढची हानी थांबते. आलेले व्यंग मात्र बहुधा जन्मभर राहते.

येथे अनेक घरांत एक गैरसमज आढळतो. ‘आमची टाकी खिडकीतच आहे, भरपूर ऊन येते,’ असे सांगितले जाते. परंतु खिडकीची साधी काच अतिनील ‘ब’ किरण जवळजवळ पूर्णपणे अडवते. काचेतून उजेड येतो, ऊबही येते; औषध तेवढे बाहेर राहते. त्यामुळे दोनच मार्ग उरतात. एक, सरपटणाऱ्या प्राण्यांसाठी मिळणारा अतिनील ‘ब’ दिवा, जो दिवसातून दहा ते बारा तास, उत्पादकाने सांगितलेल्या अंतरावर, मध्ये काच किंवा प्लॅस्टिक न ठेवता लावायचा. हे दिवे डोळ्यांना प्रकाशमान दिसत राहिले, तरी त्यांतून निघणारे उपयुक्त किरण सहा महिने ते वर्षभरात क्षीण होतात, म्हणून बसवल्याची तारीख दिव्यावरच लिहून ठेवावी. दुसरा मार्ग म्हणजे थेट सूर्यप्रकाश. सकाळी नऊ-दहाच्या सुमारास अर्धा तास कासवाला बाहेर ठेवता येते, मात्र अर्धी जागा सावलीत हवी आणि मोठे माणूस जवळ हवे. उथळ टबातील पाणी उन्हात फार झपाट्याने तापते आणि कावळे, घारी, मांजरे अशा पिल्लांवर टपलेलीच असतात.

पाणी, जागा आणि ताट

प्लॅस्टिकचे झाड असलेले ते पसरट भांडे कोणत्याही वयाच्या स्लायडरला पुरत नाही. पाठीच्या दर सेंटीमीटरमागे सुमारे पंधरा लिटर पाणी, असा एक ढोबळ हिशेब पाळणारे लोक धरतात. म्हणजे दहा सेंटीमीटरच्या कासवाला दीडशे लिटर, तर पंचवीस सेंटीमीटरच्या मादीला पावणेचारशे लिटरची टाकी लागते. त्यात पूर्ण कोरडे होऊन बसता येईल असा दगडाचा किंवा लाकडाचा उंचवटा आवश्यक आहे. सतत ओले राहिलेले कवच कुजू लागते. कासव माशापेक्षा कितीतरी अधिक घाण करते, म्हणून टाकीच्या आकारमानाच्या दुपटीसाठी बनवलेले गाळणयंत्र घ्यावे आणि तरीही दर आठवड्याला किमान चौथा हिस्सा पाणी बदलावे. नळाचे पाणी रात्रभर उघडे ठेवून किंवा क्लोरीन काढणारे द्रव्य घालून मगच वापरावे.

आहाराच्या बाबतीत वाळलेली कोळंबी हा सर्वांत मोठा दोषी. केवळ तिच्यावर वाढवलेल्या कासवाला ‘अ’ जीवनसत्त्व आणि कॅल्शियम दोन्ही कमी पडतात. पापण्या सुजून डोळे मिटणे ही ‘अ’ जीवनसत्त्वाच्या कमतरतेची ठळक खूण आहे. डोळे मिटलेल्या कासवाला अन्न दिसत नाही, ते खात नाही आणि कमतरता आणखी वाढते. पिल्लांना रोज आणि मोठ्या कासवांना एक दिवसाआड अन्न पुरते. लहानपणी स्लायडर मुख्यतः मांसाहारी असतो. वय वाढते तसा तो वनस्पतींकडे वळतो. जलचर कासवांसाठी बनवलेल्या चांगल्या प्रतीच्या गोळ्या, काट्यांसकट लहान मासे, गांडुळे, जास्वंदीची पाने व फुले, किसलेले गाजर, तांबडा भोपळा असा मिश्र आहार योग्य ठरतो. पालक वारंवार देऊ नये, कारण त्यातील ऑक्झालेट कॅल्शियमला बांधून ठेवते. आयुर्वेदिक औषधांच्या दुकानात मिळणारे समुद्रफेन टाकीत ठेवल्यास कासव ते कुरतडून कॅल्शियम मिळवते. पोळी, बिस्कीट, दूधभात हे त्याचे अन्न नव्हे. आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी, ती म्हणजे स्लायडर घास पाण्यात असतानाच गिळू शकतो. फरशीवर ठेवून त्याच्यापुढे अन्न टाकणे म्हणजे त्याला उपाशी ठेवणे होय.

एकट्या ठेवलेल्या मादीविषयीही सांगायला हवे. नर नसला तरी ती वयात आल्यावर अंडी धरते. ती निर्जीव अंडी घालण्यासाठीही तिला उकरता येईल अशी ओलसर माती-वाळूची जागा लागते. ती न मिळाल्यास अंडी पोटातच अडकून राहू शकतात. चांगली धडधाकट मादी अचानक खाणे सोडून टाकीत सैरभैर फिरू लागली, तर ही शक्यता पशुवैद्यांच्या कानावर घालावी.

घरातल्या माणसांचे आरोग्य

सरपटणाऱ्या आणि उभयचर प्राण्यांच्या आतड्यांत साल्मोनेला हे जंतू स्वाभाविकपणे राहतात. प्राण्याला त्यांचा त्रास होत नाही. ते विष्ठेवाटे पाण्यात येतात, तेथून कवचावर, टाकीच्या काचेवर आणि आपल्या हातांवर पोहोचतात. टायफॉइडचा जंतू याच कुळातील असला, तरी तो माणसांतच राहतो; कासवापासून होतो तो त्याच्या भाऊबंदांचा संसर्ग. जंतू पोटात गेल्यानंतर काही तासांपासून सहा दिवसांच्या आत जुलाब, ताप आणि पोटात कळा सुरू होतात. निरोगी प्रौढ माणूस बहुतेक वेळा चार ते सात दिवसांत बरा होतो. पाच वर्षांखालील मुले, विशेषतः तान्ही बाळे, गरोदर स्त्रिया, पासष्टी ओलांडलेले वृद्ध आणि कर्करोगाचे उपचार किंवा अन्य कारणाने प्रतिकारशक्ती क्षीण झालेले रुग्ण यांना मात्र हा संसर्ग रक्तात पसरू शकतो. बाळांमध्ये तो मेंदूच्या आवरणांपर्यंतही जाऊ शकतो.

हा धोका किती खरा आहे, हे अमेरिकेच्या अनुभवावरून दिसते. तेथे लहान कासवे घरोघरी होती आणि त्यांच्यामुळे मुलांमध्ये साल्मोनेलाचा संसर्ग इतका पसरला, की १९७५ मध्ये चार इंचांहून, म्हणजे सुमारे दहा सेंटीमीटरहून, लहान पाठीच्या कासवांची विक्री बंद करण्यात आली. चार इंचच का? त्याहून लहान कासव मूल तोंडात घालू शकते. या एका निर्बंधामुळे दरवर्षी सुमारे एक लाख मुलांचा संसर्ग टळतो, असा तेथील आरोग्य यंत्रणेचा अंदाज आहे. आपल्या दुकानांत विकली जाणारी बहुतेक पिल्ले नेमक्या याच आकाराची असतात.

‘आमचे बाळ कासवाला हातच लावत नाही,’ एवढ्याने निर्धास्त होता येत नाही. थोरल्या भावाने कासव हाताळून त्याच हाताने बाळाची दुधाची बाटली उचलली, किंवा टाकीचे पाणी स्वयंपाकघरातील मोरीत ओतून तेथेच भाजी धुतली, तर तेवढे पुरते. कासवाची विष्ठा तपासून घेऊनही शाश्वती मिळत नाही, कारण जंतू सतत बाहेर पडत नाहीत. आज तपासणीत न सापडलेले उद्या सापडू शकतात. कासवाला प्रतिजैविके देऊन हे जंतू कायमचे घालवता येत नाहीत. अशा प्रयत्नांतून औषधांना न जुमानणारे जंतू तेवढे तयार होतात.

उपाय साधे आहेत, पण ते रोज पाळावे लागतात. कासव, टाकी किंवा तिच्या पाण्याला स्पर्श झाल्यावर प्रत्येक वेळी साबणाने किमान वीस सेकंद हात धुवावेत. मुलांचे हात मोठ्यांनी उभे राहून धुऊन घ्यावेत. टाकी स्वयंपाकघरात किंवा जेवणाच्या टेबलाजवळ ठेवू नये. तिच्या स्वच्छतेची बादली, मग आणि ब्रश वेगळे ठेवावेत. हे काम मोठ्यांनीच करावे आणि घाण पाणी शौचालयात ओतावे. ते कुंडीतल्या कोथिंबिरीला किंवा तुळशीला घालू नये. कासवाचा पापा घेणे, त्याला अंथरुणावर किंवा फरशीवर मोकळे सोडणे टाळावे. घरात पाच वर्षांखालील मूल, गरोदर स्त्री किंवा प्रतिकारशक्ती कमी झालेला रुग्ण असेल, तर नवे कासव आणूच नये. कासव असलेल्या घरात कुणाला ताप आणि जुलाब झाले, तर डॉक्टरांना ‘घरी कासव आहे’ हे आपणहून सांगावे. डॉक्टर ते विचारतीलच असे नाही, आणि त्या एका वाक्याने तपासणीची दिशा बदलू शकते.

दृष्टीने पोसलेले

आपल्या संतवाङ्मयात कासवी पिल्लांना केवळ दृष्टीने पोसते, अशी कल्पना वारंवार भेटते. प्राणिशास्त्र वेगळे सांगते. कासवाची मादी अंडी मातीत पुरते आणि निघून जाते. पाळलेल्या कासवाच्या बाबतीत मात्र ती जुनी कल्पना वेगळ्या अर्थाने खरी ठरते. ते आपली व्यथा सांगू शकत नाही; रोज पाहणाऱ्या माणसाच्या नजरेवरच त्याचे जगणे अवलंबून असते.

म्हणून एक वही करावी. पिल्लाचे दर आठवड्याला आणि मोठ्या कासवाचे दर महिन्याला वजन नोंदवावे. स्वयंपाकघरातील काटा यासाठी वापरू नये. खाणे, पाण्याचे तापमान आणि दिवा बदलल्याची तारीख याच वहीत लिहावी. मुलांना हे काम आवडते आणि निरीक्षणाची सवयही लागते. पोहताना एका बाजूला कलणे, नाकातून बुडबुडे येणे, तोंड उघडून श्वास घेणे ही फुप्फुसाच्या संसर्गाची लक्षणे आहेत. पापण्या सुजणे, कवच मऊ पडणे, कवचावर दुर्गंधी येणारे खड्डे दिसणे, कानाच्या जागी गाठ येणे, उबदार पाण्यातही आठवडाभर न खाणे, यांपैकी काहीही आढळल्यास वाट पाहू नये. कवचाचे पातळ, पारदर्शक पापुद्रे निघणे मात्र वाढीचे स्वाभाविक लक्षण आहे. ते नखाने ओढून काढू नयेत आणि कवचाला तेल किंवा रंग लावू नये.

घरगुती औषधोपचार येथे जिवावर बेततो. कुत्र्या-गुरांना सर्रास दिले जाणारे आयव्हरमेक्टिन कासवासाठी घातक आहे. सर्वच पशुवैद्यांना सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असतो असे नाही, म्हणून योग्य व्यक्तीचा शोध प्राणी आजारी पडण्यापूर्वीच घ्यावा. परळ, नागपूर, परभणी, उदगीर आणि शिरवळ येथे पशुवैद्यकीय महाविद्यालये आहेत. तेथे चौकशी केल्यास दिशा मिळू शकते.

बेडूक आणि ॲक्सोलॉटल

अलीकडे ॲक्सोलॉटल हा गुलाबी, हसऱ्या चेहऱ्याचा उभयचरही मुलांना भुरळ घालतो. तो मेक्सिको शहरालगतच्या सोचिमिल्को येथील पाणथळीचा रहिवासी असून निसर्गात अत्यंत संकटग्रस्त आहे. त्याला सोळा ते अठरा अंशांचे थंड पाणी लागते. आपल्याकडे वर्षाचे बहुतेक महिने हे तापमान पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय मिळत नाही आणि उन्हाळ्यात काही तास वीज गेली तरी त्याचा जीव धोक्यात येतो. उभयचरांची त्वचा अतिशय पातळ असते. ते तिच्यातून पाणी घेतात आणि काही प्रमाणात श्वासही घेतात. त्यामुळे आपल्या हातावरचे साबणाचे अंश किंवा पाण्यातील क्लोरीन त्यांना थेट बाधते. त्यांना पाहण्यातच आनंद मानावा, हाताळू नये. पावसाळ्यात अंगणात आलेला बेडूक बरणीत भरून ठेवण्यापेक्षा त्याचे डराव डराव ऐकत बसणे मुलांना अधिक शिकवते.

तळ्यात सोडणे ही दया नव्हे

कासव मोठे होते, टाकी अपुरी पडते, पाण्याला वास येऊ लागतो. अशा वेळी ‘बिचाऱ्याला मोकळे सोडू’ या भावनेने अनेक कुटुंबे ते गावच्या तलावात किंवा देवळाच्या पुष्करणीत सोडून येतात. देवळात गाभाऱ्यासमोर दगडी कासव असते, कूर्म हा विष्णूचा अवतार. त्यामुळे या कृतीला पुण्याचाही रंग चढतो. प्रत्यक्षात त्यातून दुहेरी हानी होते. टाकीत वाढलेले कासव बाहेर टिकले नाही, तर हाल होऊन मरते. ते टिकले, तर देशी कासवांचे अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावते, शिवाय नवे परजीवी व रोग त्यांच्यात पसरवू शकते. जगातील शंभर सर्वांत उपद्रवी आक्रमक प्रजातींच्या यादीत स्लायडरचे नाव आहे. युरोपीय समुदायाने १९९७ मध्येच त्याची आयात बंद केली. जपानने २०२३ पासून त्याची विक्री आणि त्याला बाहेर सोडणे या दोन्हींना मनाई केली. भारतातही गुवाहाटीच्या उग्रतारा मंदिराच्या तळ्यात आणि केरळमध्ये त्रिशूरजवळच्या पाण्यात हे कासव सापडले आहे. केरळच्या वन संशोधन संस्थेने लोकांना अशी कासवे बाहेर न सोडता आपल्याकडे आणून देण्याचे आवाहन केले.

सांभाळणे खरोखरच अशक्य झाले असेल, तर प्रथम अनुभवी आणि पुरेशी जागा असलेले दुसरे कुटुंब शोधावे. ते न जमल्यास वनविभागाच्या १९२६ या मदत क्रमांकावर किंवा स्थानिक प्राणीबचाव संस्थेकडे मार्गदर्शन मागावे. त्यांच्याकडील जागाही मर्यादित असते, म्हणून नवी सोय होईपर्यंत कासवाची निगा आपणच राखायची आहे.

ठरवण्यापूर्वी एक महिना

कासव आणावेच असे मुलाच्या मनाने घेतले असेल, तर थेट नकार देण्याऐवजी एक महिन्याची मुदत ठरवावी. त्या महिन्यात टाकी, अतिनील दिवा, हीटर, गाळणयंत्र आणि आहार यांच्या किमती मुलानेच वहीत लिहून आणाव्यात. बहुतेक वेळा या साहित्यापुढे कासवाची किंमत अगदी किरकोळ ठरते. आठवड्यातून एकदा पाणी कोण बदलणार, सुट्टीत गावी गेल्यावर कोण पाहणार, दहा वर्षांनी कोण पाहणार, याची उत्तरे घरातील मोठ्यांनी नावानिशी लिहावीत. जवळचा जाणकार पशुवैद्य शोधावा. ही वही भरली आणि घरात लहान बाळ किंवा आजारी माणूस नसले, तर निर्णय डोळसपणे घेता येईल.

वही भरली नाही, तरी मुलाचे कासवावरचे प्रेम वाया जाण्याचे कारण नाही. रत्नागिरी जिल्ह्यातील वेळास येथे चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने ग्रामस्थांना सोबत घेऊन सागरी कासवांची घरटी राखण्याचे काम उभे केले. साधारण फेब्रुवारी ते एप्रिल या काळात तेथे ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले वाळूतून बाहेर येऊन समुद्राकडे जाताना पाहता येतात. गावकऱ्यांच्या घरी राहायचे, पहाटे किनाऱ्यावर जायचे आणि दोरीच्या अलीकडे शांत उभे राहायचे. पिल्लाला हात लावायचा नाही, हा तेथला नियम मुले सहज पाळतात.

आणि ज्यांच्या घरी कासव आधीच आहे, त्यांनी अपराधी वाटून घेण्याची गरज नाही. या आठवड्यात तीन कामे करावीत. दिवा बसवल्याची तारीख तपासावी आणि ती माहीत नसल्यास दिवा बदलावा. टाकीजवळ साबण आणि वेगळी बादली ठेवावी. कासवाचे वजन करून आजच्या तारखेसह लिहून ठेवावे. पुढच्या महिन्यात पुन्हा वजन कराल, तेव्हा त्याच्या प्रकृतीविषयी सांगणारे काहीतरी प्रथमच आपल्या हाती असेल.